घाटवाटेवरच्या पोथ्या

दुर्मिळ ग्रंथांवर लिहावयाचे झाल्यास तंजावरच्या सरस्वती महालाकडे, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे, निदान मुंबईच्या फोर्टातल्या पदपथांकडे तरी वळावे, असा शिरस्ता आहे. तो सोडून ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी टेकलेल्या शाहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत मी जुनी पुस्तके पाहत हिंडतो, हे ऐकून माझे मित्र हसतात, आणि त्यांच्या हसण्यात तथ्य नाही असे मला म्हणता येत नाही. हा मुलूख भाताचा, नाचणीचा, सागाचा आणि मोहाचा. येथे कोणा संस्थानिकाने ग्रंथालय स्थापिले नाही. येथील वस्तीत ठाकर, कातकरी, वारली आणि कोळी यांचा भरणा मोठा असून त्यांचे सारे वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या कंठातच राहिले. त्यात वर्षाकाठी शंभर इंचांच्या आगेमागे कोसळणारा पाऊस, आणि पाऊस ओसरताच भिंतीतून चढणारी वाळवी. कागदाचे याहून मोठे वैरी कोठे शोधावयाचे? तरीही याच मुलखात एखादी पोथी दीडशे वर्षे टिकून राहते, आणि ती कोणा रसिक संग्राहकाच्या कपाटात टिकत नाही, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या माळ्यावर टिकते. मला मोह आहे तो या टिकण्याचा.

या प्रदेशातील सर्वांत जुना लेख कोणालाही विकत घेता येणार नाही. मुरबाडकडून माळशेजच्या रोखाने जाताना वैशाखरे गावाजवळून जी पायवाट डोंगरात शिरते, ती नाणेघाटाची. तिच्या माथ्याशी, जुन्नरच्या हद्दीला लागून, सातवाहनांची गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख कोरलेला आहे. १८२८ च्या सुमारास साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. देवतांना वंदन करून त्या लेखात राजसूय, अश्वमेध इत्यादी यज्ञ आणि त्यांप्रीत्यर्थ दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण यांची यादी दिली आहे. यादी म्हटली की आकडे आलेच, आणि ते आकडे भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मोडतात. मला गंमत वाटते ती अशी, की जकातीच्या दगडी रांजणाशेजारी, व्यापाऱ्यांच्या बैलांचे तांडे जेथून उतरत तेथे, या मुलखाच्या वाङ्मयाचा श्रीगणेशा झाला तो एका हिशेबाने झाला. लेखाच्या मधल्या काही ओळी झिजून गेल्या आहेत. म्हणजे पाने गळालेल्या पोथीची व्यथा शिळेलाही चुकलेली नाही.

त्याच घाटाच्या माथ्यावर जुन्नर, आणि जुन्नर म्हणजे कागद. तेथील कागदी लोकांनी चिंध्या कुजवून, कुटून, त्या लगद्याचा ताव उचलून, वाळवून आणि घोटून जो कागद केला, त्या ‘जुन्नरी’ कागदावर मराठी राज्याची असंख्य पत्रे, सनदा आणि महजर लिहिले गेले. घाटाखालच्या गावांतील कारकुनांच्या हाती तो घाटानेच उतरला असावा, हे माझे अनुमान. परंतु ज्या वाटेने कापड आणि धान्य उतरत होते, त्याच वाटेने कागद उतरला नसेल असे मानणे अधिक अवघड आहे. या कागदाचे जुने तुकडे हाती घेऊन पाहावेत. पृष्ठभाग घोटून तुळतुळीत केलेला, उजेडासमोर धरताच जाळीच्या रेघा दिसणारा, आणि काजळाच्या शाईने बोरूने ओढलेले मोडी अक्षर आजही नुकतेच वाळल्यासारखे काळे. त्याच्या शेजारी गेल्या पन्नास-साठ वर्षांतील एखादी कादंबरी ठेवली तर तिचीच पाने तांबूस होऊन कोपऱ्यांशी मोडत असतात. लगदा लाकडाचा झाला, त्यात आम्ल राहू लागले, आणि नव्या पुस्तकाचे आयुष्य जुन्यापेक्षा कमी झाले, हे उलटे न्यायशास्त्र पुस्तकांच्या दुनियेत शिकावयास मिळते.

या लेखनव्यवहाराने आपल्या बोलीला काही वाक्प्रचार देऊन ठेवले आहेत, आणि ते वापरणाऱ्या बहुतेकांना त्यांचे मूळ ठाऊक नसते. नकलनवीस पोथी लिहिताना चुकला म्हणजे चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून ते झाकी आणि त्यावर नवे अक्षर लिही. एखाद्याच्या केल्या-सवरल्यावर आपण ‘हरताळ फासतो’ तो हाच. हरताळ विषारी असल्यामुळे किडीलाही तो मानवत नसे, हा वरचा लाभ. कागदांचा गठ्ठा चौकोनी फडक्यात बांधला की तो ‘रुमाल’ झाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत आणि त्यांतून निवडून सरदेसायांनी १९३० पासून चार वर्षांत पंचेचाळीस खंड छापून काढले. पोथीच्या फडक्याला मात्र ‘बासन’ म्हणावयाचे, आणि एखादे काम ‘बासनात गुंडाळून ठेवले’ म्हणजे आपल्या लेखी ते कायमचे मेले. पोथीच्या बाबतीत याच्या अगदी विरुद्ध स्थिती होती. बासनात गुंडाळणे हीच तिची शुश्रूषा होती, आणि गुंडाळलेले बासन दर श्रावणात सोडले जाईलच असा भरवसा असल्याखेरीज कोणी ते गुंडाळीत नसे.

जुन्या नकलनवीसांनी पोथीच्या अखेरीस लिहून ठेवण्याची एक चाल होती. माझी पाठ, कंबर आणि मान मोडली, दृष्टी खाली लागून राहिली, एवढ्या कष्टाने हे लिहिले आहे, तरी हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, अशा अर्थाची ती विनवणी असे. पाणी आणि तेल यांच्यापासून पोथ्या जपल्या गेल्या. मूर्खांविषयी मी खात्री देऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात दुसरी वाट उघडली, ती उलट्या दिशेने, मुंबईकडून. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग काढले, आणि त्यानंतर मुंबईत शिळाप्रेसच्या पोथ्यांचा जो ओघ सुरू झाला, त्यात १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांची ज्ञानेश्वरीही आली. छापील कागदाला हात लावल्याने विटाळ होईल, शाईत चरबी असेल, अशी सोवळ्या मंडळींची धास्ती होती; तिच्यावर उतारा म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले असे सांगतात. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने खिळ्यांचा छाप इतका देखणा केला, की शिळाछाप मागे पडला. इकडे आगगाडी १८५३ साली ठाण्यास, पुढच्या वर्षी कल्याणास आणि १८५५ साली वासिंदपर्यंत आली. मग आसनगाव आणि कसारा करीत १८६५ साली ती थळघाट चढून इगतपुरीस पोहोचली. शाहापूर तालुक्याच्या दाराशी अशी स्थानके उभी राहिली. मुरबाडच्या वाट्याला लोहमार्ग आला नाही, तेथे छापील पोथी कल्याणहून बैलगाडीने गेली असणार, नाहीतर पौषातल्या पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसे गावच्या खांबलिंगेश्वराच्या जत्रेत बैल, घोंगडी आणि टोपल्या घ्यावयास आलेल्या कोणाच्या तरी पडशीतून.

कोणत्या पोथ्या आल्या, हे सांगावयास फार विद्वत्ता नको. श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत, जे सारे १७०२ ते १७१८ या अवधीत रचले गेले, आणि धुंडिसुत मालू यांचा १८१९ सालचा नवनाथ भक्तिसार. यांतला शेवटला ग्रंथ या भागात विशेष प्रिय असावा याचे कारण क्षितिजावरच उभे आहे: मुरबाड तालुक्यातील देहरीजवळचे दोन सुळके, गोरखगड आणि मच्छिंद्रगड. ज्या गावाच्या अंगणातून गुरू आणि शिष्य दोघेही दगडाचे होऊन उभे असलेले दिसतात, त्या गावात त्यांची कथा वाचली जाताना श्रोत्याला कल्पनाशक्तीला ताण द्यावा लागत नसेल. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, आणि ऐकणारे पन्नास, ज्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नाही. एका प्रतीचा इतका उपयोग मुंबईच्या कोणत्या ग्रंथालयात होत असेल?

शिळाछाप आणि खिळ्यांचा छाप यांतला भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे, आणि मुखपृष्ठ गळालेल्या पोथीची जुजबी कालनिश्चिती तिने होते. पान उलटून पाठीमागून बोटांच्या टोकांनी चाचपावे. खिळे दाबून उमटलेल्या अक्षराचा उंचवटा बोटांना कळतो. शिळेवरून उतरलेले अक्षर मात्र हाताने लिहिल्यासारखे सपाट लागते, आणि ते मुळात लेखनिकाने लिहिलेलेच असते, म्हणून त्यात ओळ संपत आली की अक्षरे दाटतात. सर्वांत जुन्या प्रतींत शब्द सुटे केलेले नसतात, सगळी ओवी एका दमात पळते. पुस्तकाचा घाटही पोथीचाच: आडवी, सुटी पाने, शिवण नाही. यंत्र आले तरी वाचणाऱ्याची मांडी आणि मांडीसमोरचा पाट बदलला नव्हता. मराठी ग्रंथांच्या या बाल्यावस्थेतील मुद्रितांना आपल्या सूचिकारांनी ‘दोलामुद्रिते’ असे मोठे गोड नाव दिले आणि १८६७ हे साल त्यांची सीमा धरली, कारण त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. पाळण्यातून उतरून पुस्तक दफ्तरी दाखल झाले, असेच म्हणाना.

आता मी ज्या एका पोथीमुळे हे सारे लिहावयास बसलो, तिच्याकडे येतो. मुरबाडच्या बाजूला, शाई नावाच्या नदीच्या खोऱ्यातील एका गावी, वैशाखाच्या अखेरीस मी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. माळ्यावर पोथी आहे एवढे ऐकून होतो. घरच्या वृद्ध आजींनी बासन खाली काढले, पण मी हात पुढे करताच त्या म्हणाल्या, “भाऊ, आधी हातपाय धुऊन या. पोथी आहे ती, बुक नाही.” मी निमूटपणे पडवीत जाऊन हातपाय धुतले. बासन सोडल्यावर वेखंडाचा उग्र वास आला. पानांच्या मध्ये कडुलिंबाच्या डहाळ्या वाळून चुरा झाल्या होत्या आणि कोण्या नातवाने ठेवलेले मोरपीसही होते. ग्रंथ पांडवप्रताप, शिळाछापी. चौसष्ट अध्यायांपैकी पहिले दोन आणि तिसऱ्याची काही पाने नव्हती, म्हणजे ज्या पानावर छापखान्याचे नाव आणि शक असावयाचा ते मुखपृष्ठही नव्हते. कोणत्याही जाणत्या व्यापाऱ्याने त्या क्षणी प्रत खाली ठेवली असती.

परंतु समासांत मोडी होती. पहिल्यांदा मला वाटले कोणी पाठभेद टिपले आहेत. वाचू लागलो तेव्हा निघाले ते घरचे दफ्तर. कोणाला किती पायल्या भात उसने दिले, कोणत्या तिथीला गाय व्याली, मृगाचा पाऊस कोणत्या दिवशी लागला. द्रौपदी सभेत ओढून आणली जाते त्या पानाच्या कडेला बैलाच्या जोडीचा सौदा. आणि शके १८४० च्या आश्विनात, म्हणजे १९१८ साली, जेव्हा सर्व मुलखात मानमोडीची साथ होती, दोन नावे आणि त्यांपुढे फक्त ‘गेले’ एवढा एक शब्द. त्यानंतर पुढली कित्येक पाने समास कोरा. मी तो कोरा समास बराच वेळ पाहत राहिलो. आजींना मोडी येत नव्हती, त्यांच्या मुलांनाही नाही. लिहिणारे त्यांचे सासरे होते एवढे त्यांना ठाऊक होते. एका खरेदीदाराने मागे पैसे देऊ केले होते, असे त्या सहज म्हणाल्या. “इकायची कशी? सासऱ्यांची वही आहे ती.” ग्रंथ कोणाचा, तर श्रीधरांचा नव्हे, गणपत कृष्णाजींचा की आणखी कोणाचा तेही नव्हे, सासऱ्यांचा.

संग्राहकांची बाजू मी विसरलेलो नाही. ठाण्यातच विनायक लक्ष्मण भावे होऊन गेले. १८९३ च्या १ जून रोजी केवळ मराठी ग्रंथांसाठी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, तेव्हा या संस्थापकांचे वय बावीस वर्षांचेही नव्हते. धंदा मिठागरांचा, आणि व्यसन जुन्या पोथ्यांचे. १९०३ साली त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले ते अप्रसिद्ध काव्ये छापण्यासाठी, आणि पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध केला. ठाण्याचे मीठ याच मुरबाडच्या वाटेने घाट चढून देशावर जात असे. मिठाच्या व्यापाऱ्याला नाशवंत वस्तू टिकविण्याचे मर्म उपजतच कळत असेल, अशी एक कोटी मला सुचते, पण ती कोटीच. दुसरे नाव शंकर गणेश दाते यांचे. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली, दुसरा भाग १९६१ साली. आणि ग्रंथालयामागून ग्रंथालय पालथे घालून, पुस्तक शक्यतो स्वतः हाताळून केलेले ते काम आहे. या माणसांनी उचलले नसते तर कितीतरी ग्रंथ आज नावालाही उरले नसते. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले, पुढे आणखी दोनदा छापले गेले, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत हाती लागत नाही. ते आपल्याला मिळाले ते हस्तलिखितांतून. छापले म्हणजे टिकले, ही समजूत किती पोकळ आहे याचा एवढा पुरावा पुरे.

तेव्हा घरातून बाहेर काढणे हा अपराध नव्हे. माझी तक्रार वेगळ्या जातीच्या संग्राहकाविषयी आहे. त्याला प्रथमावृत्ती हवी असते, स्वच्छ समास हवा असतो, आणि आधीच्या मालकाच्या खुणा हा त्याच्या दृष्टीने ‘दोष’ असतो, जो लिलावाच्या यादीत शेरा मारून किंमत उतरविण्याच्या कामी येतो. भावे यांना मजकूर हवा होता, दाते यांना नोंद हवी होती. याला दुर्मिळपणा हवा असतो, आणि दुर्मिळपणा हा ग्रंथाचा गुण नव्हे, इतर प्रती नष्ट झाल्याचा तो पंचनामा आहे.

मात्र काही पुस्तके अशी आहेत की जी या मुलखात कधीच नव्हती, आणि ज्यांच्यावाचून या मुलखाला आपलाच पत्ता लागत नाही. शाहापूरला उभे राहिले की समोर माहुलीचा किल्ला दिसतो, सुळक्यांची रांग घेऊन. शहाजीराजांनी बाल निजामशहाला घेऊन याच किल्ल्यात १६३६ साली अखेरचा आश्रय घेतला, आणि येथेच निजामशाहीचा शेवट झाला. हा वृत्तांत पायथ्याच्या कोणत्या घरात लिहिलेला सापडत नाही. तो लाहोरीच्या फार्सी पादशाहनाम्यात, म्हणजे जिंकणाऱ्याच्या दफ्तरी आहे. उत्तर कोकणाच्या मध्ययुगीन समाजाविषयी जी ‘महिकावतीची बखर’ बोलते, ती राजवाड्यांनी १९२४ साली छापली म्हणून आपण वाचतो. आणि गावोगावची माती, पिके, जाती, घाट, जत्रा यांचा तपशील हवा असेल तर १८८२ साली कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्यावरील खंडांकडे जावे लागते. परक्या सरकारने महसुलाच्या सोयीसाठी केलेले ते काम. त्यात ठाकर-कातकऱ्यांविषयी लिहिताना साहेबी तुच्छता डोकावते, हे खरे. पण त्याच पानांत शाहापूर तालुक्याला पूर्वी कोळवण म्हणत हे आढळते, त्याच खंडांत जुन्या घाटवाटा आणि त्यांवरून चालणारा व्यापार भेटतो, आणि वाचणारा त्या गावचा असेल तर पान उलटताना त्याचा हात क्षणभर थांबतो. मूळ आवृत्ती हाती आली तर मी घेतल्यावाचून राहणार नाही, हेही येथे कबूल करून टाकतो. वर संग्राहकांना दिलेला उपदेश माझ्याच कपाटाला लागू होत नाही.

त्या वैशाखातल्या भेटीत निघण्यापूर्वी मी आजींना न राहवून विचारले, की आरंभीची पाने कोठे गेली. पोथीचे पान जीर्ण होऊन तुटू लागले की ते रद्दीत टाकावयाचे नाही, चुलीत घालावयाचे नाही, वाहत्या पाण्यात सोडावयाचे, ही चाल मला माहीत होती. तरी उत्तर ऐकून मी चपापलो. “ती होय? ती शाईला दिली,” त्या म्हणाल्या. नदीच्या या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, लिहिण्याच्या शाईशी तिचा बहुधा काही संबंध नसावा. छापखान्याचे नाव, प्रकाशकाचे नाव, शक, संवत्सर, किंमत, ज्यांच्यासाठी सूचिकार रात्री जागवतात ते सारे त्या नदीतून कधीच वाहून गेले होते. आजींनी कडुलिंबाची नवी डहाळी पानांत सारली, बासनाची गाठ दातांनी घट्ट केली आणि नातवाला माळ्यावर चढविले. बाहेर घाटाच्या बाजूला पहिले ढग दिसू लागले होते.